भिशीची वही आणि बँकेची साखळी

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली देते आणि मगच विषयाला हात घालते.

आमच्या भवानी पेठेतल्या बोळात हिशेबाला चोख बाई म्हणून माझं थोडंफार नाव आहे. बी. ए. झालेली, सकाळी घरचं आवरून दुपारी शाळेत चार तास शिकवणारी, अक्षर बरं. तेव्हा भिशीची वही आपसूकच माझ्याकडे आली. वीस जणी, महिन्याला हजार रुपये. दहा तारखेला आमच्या ओट्यावर सगळ्या जमायच्या, चहा व्हायचा, चिठ्ठी निघायची, ज्यांची चिठ्ठी त्यांच्या हातात वीस हजार पडायचे. कुणाच्या मुलीची फी, कुणाचं शिलाई मशीन, कुणाची तुळजापूरची ओटी. सहा वर्षं सगळं बिनबोभाट चाललं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माशी शिंकली. आमच्या पाठीमागच्या घरात एक अक्का राहतात. विड्या वळतात. त्या महिन्यात दहा तारखेला त्यांना यायला जमलं नाही. वहीत नावापुढे खूण नव्हती, एक हजार कमी भरले, म्हणून मी माझ्या पदरचे घालून वेळ निभावली. पुढच्या महिन्यात त्या आल्या तेव्हा मी चारचौघींत म्हटलं, “अक्का, तुमचा मागचा हप्ता राहिलाय हं.”

अक्का चमकल्या. “दिले की वो बाई तुमच्या हातात! आठ तारखेला, शाळेला निघाला होता तुम्ही.”

मला काही आठवेना. वही उघडली, सगळ्यांना दाखवली. खूण नव्हती. कुणीतरी म्हटलं, “वही खोटं कशाला बोलेल?” अक्कांनी काही न बोलता दोन हजार ठेवले आणि पुढच्या महिन्यापासून यायच्या बंद झाल्या.

दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा माझ्या शाळेच्या जुन्या पिशवीत, तपासायच्या राहिलेल्या पेपरांच्या घडीत एक पाकीट सापडलं. पाचशेच्या दोन नोटा. पाकिटाला तंबाखूचा वास. मी तशीच उठून अक्कांच्या दारात गेले, पैसे दिले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, “पैशाचं काय नाही वो बाई. सगळ्यांनी वहीकडं बघितलं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.”

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. चूक माझी, वही माझी, आणि खोट्या ठरल्या अक्का. कारण वही एकच होती, आणि ती एकाच हातात होती.

मग आम्ही काय केलं?

दिवाळीनंतर सगळ्यांनी बसून तीन नियम ठरवले. पहिला, वही एकीची नाही. प्रत्येकीने स्वतःची वही आणायची आणि दर महिन्याला विसाच्या वीस जणींची नोंद आपापल्या वहीत करायची. दुसरा, नव्या महिन्याचं पान सुरू करताना सर्वांत वर मागच्या पानाची बेरीज लिहायची. ती सगळ्यांची जुळली तरच पुढे जायचं. तिसरा, खाडाखोड नाही. चुकलं तर चूक तशीच ठेवायची आणि खाली नवी ओळ लिहून दुरुस्ती करायची.

पुढे जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेसाठी माझे धाकटे दीर आले. मुंबईला एका बँकेच्या संगणक विभागात आहेत. ओट्यावर वीस वह्या उघडून बसलेल्या बायका पाहून ते हसायलाच लागले. म्हणाले, “वहिनी, आमचे साहेब लोक ज्यासाठी परिषदा भरवतात ती ब्लॉकचेन तुम्ही दहा रुपयांच्या वह्यांत करून बसलात!”

तेव्हापासून हा शब्द मी धरून ठेवला. पेपरात दिसला की कात्रण कापायचं, दीर फोनवर सापडले की विचारायचं. त्यातून जे उमगलं ते आज तुमच्यापुढे मांडते. तुम्ही म्हणाल, आपल्याला काय करायचंय? पण बाई, आपलं सोनं, आपली ठेव, मुलांच्या शिक्षणाची पुंजी शेवटी कुणाच्या तरी वहीतच असते ना? मग ती वही कशी लिहितात हे आपल्याला ठाऊक नको?

पान, साखळी आणि गिरणी

ब्लॉक म्हणजे वहीचं पान आणि चेन म्हणजे साखळी. व्यवहारांच्या नोंदींनी एक पान भरलं की ते बंद होतं आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर त्याची खूण लिहिली जाते. आम्ही बेरीज लिहितो, पण बेरजेत एक फट राहते. दोघींच्या नोंदींची अदलाबदल केली तरी बेरीज तीच येते. संगणक त्याहून कडक खूण काढतो. पानावरची सगळी अक्षरं आणि आकडे एका गणिताच्या गिरणीत घालतो आणि त्यातून ठराविक लांबीची खूण बाहेर पडते. जोंधळे दळले की पीठ मिळतं, पण पिठावरून जोंधळे परत करता येत नाहीत, तसंच हे. खुणेवरून मूळ मजकूर काढता येत नाही. आणि पानावर एक टिंब जरी बदललं तरी खूण पार वेगळी येते.

आता कुणी सहा महिन्यांपूर्वीच्या पानावर हजाराचे नऊशे केले, तर त्या पानाची खूण बदलणार. मग पुढच्या पानावर लिहिलेली खूण जुळणार नाही, ती जुळवायला तेही पान बदलावं लागेल, मग त्याच्या पुढचं. आणि हे सगळं वीस घरांतल्या वीस वह्यांत एकाच रात्री करावं लागेल. लबाडी अशक्य असते असं नाही, पण लपत नाही.

आपल्या जुन्या पेढ्यांवर कीर्द आणि खतावणी असायची. रोजचा व्यवहार कीर्दीत, प्रत्येकाचं खातं खतावणीत, आणि दोन्ही जुळल्याशिवाय मुनीम घरी जायचा नाही. तेव्हा कल्पना अगदीच परकी नाही. नवं एवढंच, की जुळवणी एका मुनिमाकडे न राहता अनेकांकडे एकाच वेळी होते.

बिटकॉइन वेगळं, वही वेगळी

इथे एक गोष्ट ठणकावून सांगते. ब्लॉकचेन म्हटलं की पुष्कळांना बिटकॉइन आठवतं. सातोशी नाकामोतो या नावाने २००८ मध्ये एक टिपण प्रसिद्ध झालं आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं, ते याच प्रकारच्या वहीवर. पण वही म्हणजे तिच्यात लिहिलेला माल नव्हे. चांगल्या वहीत जुगाराचाही हिशेब लिहिता येतो.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना असल्या आभासी चलनांच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २०२२ पासून या नफ्यावर ३० टक्के कर लागला. पण कर लागला म्हणजे सरकारने हमी दिली असं नाही. पुण्यात पोलिसांपर्यंत गेलेलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. दर महिन्याला १० टक्के परताव्याची भूल घालून लोकांकडून पैसे गोळा केले गेले. तिथे वहीच्या तंत्रात खोट नव्हती, वचनात होती. कुणी भिशीत, हळदीकुंकवात येऊन ब्लॉकचेनमध्ये पैसे दामदुप्पट होतात म्हणून सांगितलं, तर चहा पाजून वाटेला लावा.

बँकांना ही वही कशाला हवी?

तुम्ही विचाराल, बँकेत तर संगणक आहेत, मग नवं काय? खरं आहे. एकाच बँकेच्या आतल्या व्यवहाराला ही साखळी फारशी लागतही नाही. तुमच्या खात्यातून वीज बिल गेलं, त्याची नोंद बँक स्वतःच्या वहीत करते आणि ते पुरेसं आहे. अडचण येते ती एकाच व्यवहाराची नोंद चार ठिकाणी, चार वेगळ्या वह्यांत असते तेव्हा.

समजा मुंबईच्या एका व्यापाऱ्याने दुबईहून माल मागवला. त्याची बँक, दुबईवाल्याची बँक, जहाज कंपनी, विमा कंपनी, जकात खातं, प्रत्येकाची वही निराळी. कागद एकीकडून दुसरीकडे जाणार, शिक्के बसणार, तपासणी होणार. यात दिवस जातात आणि मधल्या फटीत लबाडीला जागा मिळते.

ही फट केवढी असू शकते हे २०१८ च्या फेब्रुवारीत साऱ्या देशाने पाहिलं. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशी शाखांना हमीपत्रं पाठवली गेली. निरोप पाठवायची स्विफ्ट नावाची यंत्रणा एक आणि बँकेच्या हिशेबाची मुख्य यंत्रणा दुसरी, आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. त्यामुळे निरोप गेले, पैसे उचलले गेले, पण बँकेच्या मुख्य वहीत त्याची नोंदच नाही! रक्कम १३ हजार कोटींच्या वर गेली. त्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने असली हमीपत्रं देणंच बंद केलं. एका हातातली वही, आणि दुसऱ्या वहीशी ताळा नाही. रक्कम सोडली तर माझ्या पिशवीतल्या पाकिटाची आणि या गोष्टीची जात मला एकच वाटते.

जुन्या, नावाजलेल्या बँका या साखळीकडे वळल्या त्या अशाच ठिकाणी. ऑक्टोबर २०१६ मध्ये आयसीआयसीआय बँकेने दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेबरोबर मुंबईहून पैसे पाठवण्याचा आणि आयात-व्यापाराच्या कागदपत्रांचा व्यवहार ब्लॉकचेनवर करून पाहिला. दोन्ही बँकांना एकच नोंद एकाच वेळी दिसत होती. पुढे २०२१ मध्ये देशातल्या १५ बँकांनी मिळून एक कंपनीच स्थापली. स्टेट बँक, बँक ऑफ बडोदा, कॅनरा बँक या सरकारी आणि एचडीएफसी, आयसीआयसीआय, ॲक्सिस यांसारख्या खाजगी बँका तीत आहेत. देशांतर्गत व्यापाराची पतपत्रं आणि बिलं यांच्यासाठी सामाईक वही ठेवायची, हा तिचा हेतू. एरवी ग्राहक पळवायला टपलेल्या बँका वहीसाठी एकत्र बसल्या, हेच मला विशेष वाटलं.

आणि ही वही चव्हाट्यावर उघडी नसते बरं का. बिटकॉइनच्या वहीत कुणीही शिरू शकतो. बँकांची वही आमच्या भिशीसारखी असते. ओळखीच्या, बोलावलेल्या सभासदांनीच लिहायचं आणि त्यांनीच तपासायचं.

टॉवेलच्या बिलाची गोष्ट

हे सगळं मुंबई-दुबईचं झालं. पण सोलापूरलाही याचा संबंध आहे. आमचे हे एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. माल मोठ्या कंपनीला जातो, बिल होतं आणि मग पैशाची वाट बघणं सुरू होतं. लहान उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा २००६ पासून आहे; पण कायदा भिंतीवर आणि उधारी वहीवर! इकडे सूत आणायचं, वीज भरायची, कामगारांचा पगार करायचा. मग कारखानदार ते बिलच गहाण ठेवून आधी पैसे उचलतो.

यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने ट्रेड्स नावाच्या बाजारपेठा सुरू झाल्या. तिथे संगणकावर बिल मांडलं जातं आणि ज्या बँकेचा व्याजदर कमी, ती पैसे देते. पण धोका असा, की एखाद्याने तेच बिल दोन बाजारपेठांत मांडून दुप्पट पैसे उचलले तर? म्हणजे एकच पाटली दोन सराफांकडे गहाण! हे टाळायला २०१८ मध्ये अशा तिन्ही बाजारपेठा ब्लॉकचेनच्या एका सामाईक वहीला जोडल्या गेल्या. बिलाचा मजकूर एकमेकांना दाखवायचा नाही, फक्त गिरणीतून निघालेली त्याची खूण त्या वहीत टाकायची. तीच खूण आधी आलेली असेल तर लगेच कळतं, की बाबा, हे बिल दुसऱ्या दारी जाऊन आलंय. गिऱ्हाईकाचं गुपितही राहिलं आणि लबाडीही अडली. साखळीचा इतका शहाणा उपयोग मला दुसरा माहीत नाही.

तुमच्या मोबाइलमधली साखळी

आता तुम्हाला चकित करते. तुम्ही स्वतः ही साखळी रोज वापरता. बँकेचा ओटीपी येतो तो एसएमएस आठवा. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर नसतो, बँकेच्या नावाची इंग्रजी अक्षरं असतात. नको त्या जाहिराती आणि फसवे संदेश रोखायला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये नियम केले. त्यानुसार संदेश पाठवणारी प्रत्येक संस्था, तिची अक्षरं आणि तिच्या संदेशांचे ठराविक नमुने मोबाइल कंपन्यांच्या सामाईक वहीत नोंदवायचे, आणि ती वही ब्लॉकचेनच्याच घराण्यातली.

८ मार्च २०२१, नेमका महिला दिन. त्या दिवशी नियम कडकपणे लागू झाला आणि वहीतल्या नमुन्याशी न जुळणारे संदेश अडू लागले. अनेक बँकांचे आणि इतर संस्थांचे नमुने नीट नोंदवलेलेच नव्हते! देशभर ओटीपी खोळंबले. बँकेचे व्यवहार, रेल्वेची तिकिटं, लशीची नोंदणी, सगळीकडे अडचण. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाने आठवडाभर नियम थांबवला आणि संस्थांना नोंदी पुऱ्या करायला वेळ दिला. वहीने आपलं काम चोख केलं, माणसांनी केलं नव्हतं. नव्या यंत्राला हात घालताना जुन्या संस्था कुठे अडखळतात, हे त्या एका दिवसात दिसलं.

रिझर्व्ह बँकेने स्वतः २०२२ मध्ये डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. १ नोव्हेंबरला मोठ्या बँकांच्या आपसातल्या व्यवहारांसाठी आणि १ डिसेंबरला सामान्य लोकांसाठी, सुरुवातीला मुंबई, नवी दिल्ली, बंगळूरु आणि भुवनेश्वर इथे. तो नोटेसारखाच, फक्त मोबाइलमधल्या पाकिटात. त्यावर व्याज नाही. त्याच्या तयारीच्या टिपणात रिझर्व्ह बँकेने वाटून ठेवलेली वही आणि नेहमीची एककेंद्री वही, असे दोन्ही मार्ग पारखले होते. मला हा सावधपणा आवडला. नवी मोड आली म्हणून घरातला जुना पितळी डबा कुणी फेकत नाही.

साखळी खोट्याचं खरं करत नाही

इथवर वाचून वाटेल, की साखळी आली म्हणजे काळजी मिटली. तसं नाही, आणि हे सांगितलं नाही तर मी पुन्हा चुकेन.

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. बँकेच्या दारात उभ्या राहून रडणाऱ्या बायका आपण टीव्हीवर पाहिल्या. एका बांधकाम कंपनीला दिलेली थकीत कर्जं लपवण्यासाठी २१ हजारांहून जास्त खोटी कर्जखाती दाखवली होती, असं बाहेर आलं. आता विचार करा, वही लिहिणारेच खोटं लिहायला बसले तर साखळी काय करणार? ती ते खोटं तितक्याच इमानाने जपून ठेवणार. फार तर त्या वहीची प्रत तपासनिसांकडे रोजच्या रोज असती, तर एवढी खाती कुठून उगवली हा प्रश्न लवकर विचारला गेला असता. पण प्रश्न विचारणारं माणूस लागतंच.

शिवाय हे काम स्वस्त नाही. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली जुनी यंत्रणा बदलून ब्लॉकचेन आणायचं २०१७ मध्ये ठरवलं, आणि पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये ते काम थांबवून सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर पाणी सोडलं. मेर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी जहाजांच्या कागदपत्रांसाठी काढलेली ट्रेडलेन्सही त्याच महिन्यात बंद करायचं जाहीर केलं, कारण पुरेसे सभासद मिळाले नाहीत. वीस जणींची भिशी तिघींत चालत नाही, त्यातलाच प्रकार.

मग बँकांनी पाऊल कसं टाकावं?

मी तज्ज्ञ नाही. पण वही ठेवून ठेच खाल्लेल्या बाईला जे सुचतं ते सांगते.

एक, जिथे अनेकांच्या वह्या जुळवाव्या लागतात तिथूनच सुरुवात करावी. बिलं, हमीपत्रं, पतपत्रं, गहाणाच्या नोंदी. बचत खात्याला उगीच साखळ्या बांधू नयेत.

दोन, नवी वही जुन्या मुख्य वहीला जोडलेली हवी. नाहीतर तीच फट पुन्हा.

तीन, चूक दुरुस्त करायची वाट आधी ठरलेली हवी. साखळीत खाडाखोड होत नाही, हे तिचं बळ. पण कारकुनाने चुकून शून्य जास्त मारलं तर उलटी नोंद कोण करणार, किती दिवसांत, हे ग्राहकाला लेखी कळावं.

चार, गुपितं. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मानला आहे. जी वही पुसता येत नाही, तिच्यात नाव, पत्ता, आधार क्रमांक लिहायचेच कशाला? फक्त खूण लिहावी, माहिती बाहेर कुलपात ठेवावी.

पाच, लहान बँकांना सोडून जाऊ नये. नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था २०२४ मध्ये सुरू झाली. एकट्या लहान बँकेला न परवडणारी यंत्रणा तिच्यामार्फत सगळ्यांना मिळू शकेल. आमच्या गावात पुष्कळ घरांचे पैसे सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत आहेत. नवं ते फक्त मोठ्यांनाच मिळालं तर आपल्या हाती काय?

आणि सहावं, सर्वांत मोठं. दाराशी माणूस हवं. “सिस्टीममध्ये दिसत नाही” हे उत्तर मी आजवर किती खिडक्यांवर ऐकलंय! उद्या “साखळीत दिसत नाही” असं ऐकायला लागू नये.

आपल्यापुरतं काय करायचं?

साखळी यायची तेव्हा येईल. तोवर आपली वही आपल्या हाती.

पासबुक दर महिन्याला भरून घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा. ठेवीची पावती, तिचा क्रमांक आणि मुदत घरच्या एका वहीत लिहा, आणि ती वही कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. नामनिर्देशन झालंय का, विचारा.

बँकेतल्या ठेवीला, व्याज धरून, एका बँकेत एका व्यक्तीमागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून. २०२२ मध्ये आमच्या सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा ठेव विमा हा शब्द आमच्या बोळात पहिल्यांदा ऐकू आला. पण लक्षात ठेवा, हा विमा बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्या दिसतात, म्हणून विचारूनच पैसे ठेवा.

ओटीपी नवऱ्याच्या मित्रालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर नाहीच. फसवणूक झालीच तर रडत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. बँक दाद देत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच जपून ठेवा. पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायला ती लागते.

आणि भिशी चालवत असाल तर वही एकीच्या हाती ठेवू नका. कितीही शिकलेली असो.

जाता जाता अक्कांचं सांगते. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले आणि वीस वह्यांचा नवा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, “मला मराठी लिवायला येत नाही वो.” मी म्हटलं, “तुम्हाला येतं त्यात लिहा.” फेब्रुवारीच्या दहा तारखेला त्या आल्या. आता त्यांच्या वहीत तेलुगू अक्षरं असतात, आमच्यातल्या बहुतेकींना ती वाचता येत नाहीत. पण महिन्याच्या शेवटी बेरीज मोठ्याने वाचायची असते, तेव्हा पहिली बेरीज आम्ही त्यांनाच वाचायला सांगतो. मग बाकीच्या एकोणीस जणी आपापलं पान बघतात.

गेल्या महिन्यात एकीची बेरीज चुकली होती. माझी.